नाणेघाट अभिजात, मग घाटमाथ्यावरचे ‘पानी’ अशुद्ध कसे?

१/
३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या मागणीसाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे पुरावे मांडले, त्यांत जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या शिलालेखाला मानाचे स्थान होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ती अक्षरे मराठीच्या प्राचीनतेची साक्ष ठरली.

त्याच नाणेघाटाच्या माथ्यावरील वाडीतला मुलगा वर्गात ‘पानी’ म्हणाला, तर मात्र ‘पाणी म्हण, शुद्ध बोल’ असे त्याला ऐकावे लागते. दगडावरची भाषा अभिजात आणि त्या दगडाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाची भाषा अशुद्ध ठरते. हा धागा या विसंगतीविषयी आहे.

२/
विसंगती नीट समजून घेण्यासाठी पुढे दोन दूरच्या भाषांकडे जावे लागेल: डॅनिश आणि तिबेटी. एक समुद्राने तुकडे झालेल्या सखल देशाची भाषा, दुसरी जगातल्या सर्वांत उंच पठाराची. एकीकडे छापखाना, शाळा आणि राज्यसंस्था यांनी बोलींना जवळपास सपाट केले. दुसरीकडे एकाच लिपीच्या छत्राखाली खोऱ्याखोऱ्याची बोली वेगळी राहिली. जुन्नर-आंबेगावला डोंगरखोरी तिबेटसारखी आहेत आणि प्रमाणभाषेची शाळा डेन्मार्कसारखी. म्हणूनच ही तुलना.

३/
आधी भूमी. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर आणि त्याला लागून दक्षिणेस आंबेगाव. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, तेथून कुकडी, मीना, घोड या नद्या पूर्वेकडे उतरतात. या खोऱ्यांची जुनी नावे कुकडनेर, मीननेर, घोडनेर अशी आढळतात. शिवनेरीच्या पायथ्याशी असलेले जुन्नर हे कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या वाटेवरचे शहर. म्हणजे येथील डोंगर दुर्गम असले, तरी हा प्रदेश जगापासून तुटलेला कधीच नव्हता. जुन्नर परिसरातील लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्या परदेशी मुळाच्या माणसांनीही आपले दान इथल्याच प्राकृतात नोंदवले आहे.

४/
या दोन तालुक्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस बदलतो, पीक बदलते आणि बोलीही बदलते. कड्यालगतच्या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजांची वस्ती मोठी आहे. तिथे भाताची खाचरे, रोपांसाठी भाजलेला राब, पावसात वाकून केलेली आवणी, अंगावरचे इरले, जंगलातून गोळा केलेला बाळहिरडा. पूर्वेला नारायणगाव, मंचरच्या बाजूस बागायत, ऊस, द्राक्षे, टोमॅटोचा बाजार. एका टोकाचे कितीतरी शब्द दुसऱ्या टोकाला लागतच नाहीत, कारण ती कामेच तेथे होत नाहीत. बारा कोसांवर भाषा बदलते असे मराठीत म्हणतात. येथे तर एका नदीच्या काठाने चालत गेले, तरी ती बदलताना ऐकू येते.

५/
उच्चारांचे आणि रूपांचे काही विशेष मात्र दोन्हीकडे कमी-अधिक भेटतात. ‘ण’च्या जागी ‘न’: पानी, लोनी, कोन. ‘वे’, ‘वि’च्या जागी ‘ये’, ‘इ’: वेळ ऐवजी येळ, विंचू ऐवजी इंचू, विस्तव ऐवजी इस्तू. ‘होता’ऐवजी ‘व्हता’. आणि या भागाची खास खूण म्हणावी अशी सर्वनामे: ‘मपला’ आणि ‘तुपला’. ‘माझे घर’ म्हणायचे ते ‘मपलं घर’. ही रूपे शेजारच्या अकोले, पारनेरकडेही ऐकू येतात. ‘आपला’ या शब्दाला ‘मी’ आणि ‘तू’ यांचा रंग चढावा, तशी त्यांची घडण दिसते. प्रमाण मराठीकडे या छटेसाठी वेगळा शब्द नाही. त्या ठिकाणी बोली प्रमाणभाषेपेक्षा श्रीमंत आहे.

६/
मग ‘शुद्ध’ कोणते, हे ठरले कधी? आजची प्रमाण मराठी एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये. शाळाखाते, क्रमिक पुस्तके, वर्तमानपत्रे या सर्वांना एकसारखी लेखनभाषा हवी होती आणि ती पुण्यातील शिक्षित, मुख्यतः उच्चवर्णीय वर्गाच्या बोलीवर उभी राहिली. ज्यांच्या हाती लेखणी, त्यांचा उच्चार नियम झाला. यात कट नव्हता, पण योगायोगही नव्हता. जोतीराव फुले यांच्या लेखनातील भाषेची चेष्टा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून केली, तेव्हा वाद व्याकरणाइतकाच लिहिण्याच्या अधिकाराचाही होता. आणि जुन्नर त्या पुण्यापासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात आहे!

७/
आता ‘पाणी’ हा शब्द तपासून पाहू या. संस्कृत मूळ ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे. त्यात ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि मराठीने तो वारसा घेतला: पानीयचे पाणी, नवनीतचे लोणी, जनचे जण. शुद्ध म्हणजे मूळ संस्कृताजवळचे, अशी कसोटी लावली तर ‘पाणी’ हेच बिघडलेले रूप ठरेल आणि घाटमाथ्यावरचे ‘पानी’ मुळाजवळचे! अर्थात हा निष्कर्षही चुकीचाच आहे. ग्रामीण ‘पानी’ हे संस्कृतचा अवशेष म्हणून टिकलेले नाही. ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद नंतर मिटल्याने ते आले. मुद्दा एवढाच की दोन्ही रूपे बदलातूनच जन्मली आहेत. एका बदलाला व्याकरण म्हणतात, दुसऱ्याला चूक.

८/
याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. प्रमाण मराठी स्वतःही ‘ण’चा ‘न’ करते आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही. कर्णचा कान, पर्णचे पान, अरण्यचे रान, सुवर्णचे सोने, उष्णचे ऊन. हे सर्व शब्द मूळच्या ‘ण’चा ‘न’ करूनच घडले. ‘कान’ म्हणणारा शिक्षक आणि ‘कोन आला?’ विचारणारा विद्यार्थी, दोघांच्या जिभेने केलेली क्रिया एकाच जातीची आहे. फरक काळाचा. एक बदल प्रमाणभाषा ठरण्याआधी झाला म्हणून तिच्यात सामावला, दुसरा त्या पंक्तीत उशिरा पोहोचला म्हणून दाराबाहेर उभा राहिला.

९/
आता पुन्हा नाणेघाटात. लेण्यातील मोठा लेख सातवाहन राणी नागनिकेचा; त्यात यज्ञांची आणि दानांची नोंद आहे. त्याच लेण्यात राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेषच उरले, पण वरची नावे वाचली गेली आहेत. गेऑर्ग ब्यूलर यांच्या वाचनात राजाचे नाव ‘सातकनि’ असे येते. संस्कृत रूप सातकर्णि, त्यात मूर्धन्य ‘ण’. घाटातल्या दगडावर दंत्य ‘न’. कर्णचा कान होताना जे घडले, तेच येथे राजाच्या नावात घडलेले दिसते. राणीच्या मूर्तीवर तिचे नाव ‘नायनिका’ असे आहे. आणि त्याच ओळीत एक ‘महारठि’ही उभा होता.

१०/
येथे उत्साहाला आवर घालणे गरजेचे आहे. सातवाहनांच्या ‘सातकनि’पासून आजच्या ‘पानी’पर्यंत एक अखंड धागा ओढता येत नाही. मधल्या दोन हजार वर्षांत उच्चार अनेकदा बदलले, वस्त्या हलल्या, राजवटी आल्या-गेल्या. कोरीव लेखांच्या लेखनपद्धतीही एकसारख्या नव्हत्या. तेव्हा ‘आमची बोली सातवाहनकालीन आहे’ असा दावा करणे हा इतिहास नव्हे. परंतु एवढे निश्चित म्हणता येते: ज्या लेखाच्या आधारे मराठी आपली प्राचीनता सांगते, तो लेख संस्कृताच्या तुलनेत ‘बोली’तच लिहिलेला आहे. त्या काळच्या एखाद्या कर्मठ वैयाकरणाला दाखवला असता, तर त्याने त्यात पानोपानी लाल खुणा केल्या असत्या.

११/
आता तिबेटकडे. तिबेटी लोकांत एक प्रसिद्ध म्हण आहे. तिचा आशय असा की दर खोऱ्याची बोली वेगळी आणि दर लामाची शिकवण वेगळी. खोऱ्यासाठी त्यांचा शब्द ‘लुंगपा’. कुकडनेर, मीननेर, घोडनेर म्हणणाऱ्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही. तिबेटी बोलींचे ढोबळ तीन गट सांगितले जातात: ल्हासासह मध्य तिबेटचा ऊ-त्सांग, पूर्वेचा खाम आणि ईशान्येचा आम्दो. पश्चिमेस लडाखी आणि बाल्टी या त्यांच्याच बहिणी. आम्दोतला पशुपालक आणि ल्हासातला व्यापारी आपापल्या बोलीत बोलू लागले, तर एकमेकांना समजणे कठीण. लिहिलेले पान मात्र दोघेही वाचतात.

१२/
तिबेटी लिपीची निर्मिती परंपरेने सातव्या शतकातील थोन्मी संभोट याच्या नावावर आहे आणि तिचे मूळ भारतीय लिप्यांत आहे. नवव्या शतकाच्या आरंभी शब्दलेखनाची व्यवस्था लावली गेली आणि तेव्हापासून लेखन फारसे बदलले नाही. बोलणे मात्र बदलत गेले. ‘आठ’ या संख्येसाठी लिहिताना ब, र, ग, य आणि शेवटी द अशी व्यंजने येतात. ल्हासात उच्चार होतो ‘ग्ये’च्या जवळचा. बाल्टीत मात्र ‘बग्यद’ ऐकू येते. मध्यवर्ती राजधानीने जोडाक्षरे गाळली आणि त्यांच्या बदल्यात स्वरांचे चढउतार आणले. आम्दो, बाल्टी यांसारख्या कडेच्या बोलींनी जुनी व्यंजने बऱ्याच अंशी सांभाळली.

१३/
या उदाहरणात एक धडा दडलेला आहे. तिबेटी जगात प्रतिष्ठा ल्हासाच्या बोलीला. पण पवित्र ग्रंथांच्या लेखनाजवळ राहिली ती दूरची, ‘कडेची’ बोली. बाल्टी बोलणारा समाज तर शतकांपूर्वीच इस्लाममध्ये गेला आणि त्याने तिबेटी लिपीही सोडली. तरीही प्राचीन व्यंजने त्याच्या जिभेवर राहिली. म्हणजे बोलीचा मान तिच्या जुनेपणावरून ठरत नाही. तो ठरतो राजधानी, मठ आणि दरबार कोठे आहेत यावरून. ‘शुद्ध’ या शब्दात भाषेच्या वयाची माहिती नसते, सत्तेचा पत्ता असतो.

१४/
डेन्मार्कमध्ये डोंगर नाहीत. तिथे अंतर पाडले ते समुद्राने. जटलंडच्या द्वीपकल्पाची बोली वेगळी, कोपनहेगन ज्या बेटावर आहे त्या झीलंडसह इतर बेटांची वेगळी आणि बाल्टिक समुद्रात दूर असलेल्या बोर्नहोमची वेगळी. भेद किरकोळ नाहीत. प्रमाण डॅनिशमध्ये नामांची लिंगे दोन. बोर्नहोमच्या जुन्या बोलीत मराठीसारखी तीन. पश्चिम जटलंडमध्ये नामांचा तसा लिंगभेद उरलाच नाही. ‘ते घर’ हा निश्चित अर्थ प्रमाण डॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटी प्रत्यय जोडून येतो; पश्चिम जटलंडचा शेतकरी मात्र शब्दाच्या आधी एक छोटासा ‘ॲ’ लावतो. प्रत्येकाचे व्याकरण आपापले.

१५/
बोर्नहोमची कथा तर राजकारणाचीच. १६५८ च्या रोस्किल्ड तहाने डेन्मार्कला स्कोने, हालांड, ब्लेकिंगे आणि बोर्नहोम स्वीडनला द्यावे लागले. बोर्नहोमच्या रहिवाशांनी त्याच वर्षी उठाव केला आणि बेट पुन्हा डेन्मार्ककडे आले. स्कोने स्वीडनकडेच राहिले. दोन्हीकडची जुनी बोली पूर्व डॅनिश गटातली, जवळच्या नात्याची. आज मात्र बोर्नहोमची बोली डॅनिशची आणि स्कोनेची स्वीडिशची पोटबोली मानली जाते. नदी, डोंगर, व्याकरण यांपैकी काही बदलले नव्हते. बदलली ती सीमारेषा. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील डांगी बोली मराठीची की गुजरातीची, हा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल.

१६/
आणि पुढे काय झाले? डेन्मार्कमध्ये १८१४ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. शाळेची, चर्चची, नंतर रेडिओची आणि दूरचित्रवाणीची भाषा एकच, राजधानीकडे पाहणारी. जटलंडमधील धर्मोपदेशक एच. एफ. फाइलबेर्ग यांनी तेथील ग्रामीण बोलीचा कोश रचला. तो १८८६ ते १९१४ या काळात प्रसिद्ध झाला. शब्द, म्हणी, चालीरीती यांचा तो खजिना आहे. पण ज्या शतकात कोश पूर्ण झाला, त्याच शतकात बोली बोलणारी मुले कमी होत गेली. आज जुन्या ग्रामीण बोली मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरल्या आहेत. डॅनिश अभ्यासकांनी शब्द वाचवले. शाळेने बोलणारे हरवले.

१७/
दोन उदाहरणे, दोन परिणाम. तिबेटी बोली शतकानुशतके टिकल्या, कारण लेखन एक असूनही कोणी त्यांच्या घरच्या उच्चारावर पहारा ठेवू शकत नव्हते. डॅनिश बोली विरल्या, कारण पहारा प्रत्येक गावात पोहोचला आणि तो ‘प्रगती’च्या वेषात आला. जुन्नर-आंबेगावची बोली या दोहोंच्या मधल्या वळणावर उभी आहे. रस्ता पोहोचला, शाळा पोहोचली, मोबाइल पोहोचला. हे सारे हवेच होते. प्रश्न एवढाच आहे की या सर्वांबरोबर घरच्या बोलीची लाजही पोहोचवायची होती का?

१८/
बोली केवळ वर्गात हरवत नाही. कुकडी प्रकल्पात या परिसरात येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली. पूर्वेकडील शेतीला त्यांनी पाणी दिले. त्यांपैकी घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव बुडाले. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते गावच पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण घोडेगाव आहे. विस्थापितांपैकी काही कुटुंबे काठावर वर सरकली, काही दूर गेली. शेताच्या प्रत्येक तुकड्याला, ओढ्याच्या वळणाला, झाडाला एक नाव असते. जमीन बुडाली की ती नावे उच्चारण्याचे कारण उरत नाही. नकाशावर नसलेले शब्द आधी जातात.

१९/
आणखी एक ठिकाण या बोलीला मिळाले: रंगमंच. नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे मोठे केंद्र. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारखी थोर कलावंत याच मातीतली. ग्रामीण बोलीचे तेज, तिची लय आणि हजरजबाबीपणा तमाशाने महाराष्ट्रभर नेला. मात्र पुढे चित्रपट आणि मालिकांनी ‘गावरान’ बोलणे म्हणजे हमखास हशा, असे समीकरण रूढ केले. विनोदाला ही बोली चालते, अर्जाला चालत नाही. गडावरच्या सहलीत ती गोड वाटते, मुलाखतीत खटकते. मान असा निवडक असेल, तर त्याला कौतुक म्हणावे की करमणूक?

२०/
याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. प्रमाणभाषा ही वंचितांसाठी शिडी आहे. स्पर्धा परीक्षा, न्यायालय, सातबारा, दवाखान्याचा कागद, सर्व काही प्रमाण मराठीत. डोंगरातल्या मुलाला ‘तुझी बोलीच छान’ म्हणून तिच्यातच अडकवणे, हा शहरी इतिहासप्रेमींचा भाबडेपणा ठरेल. त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागेल. अनेक आदिवासी पालक स्वतःच मुलांनी ‘नीट’ बोलावे असा आग्रह धरतात, तो याच अनुभवातून. हा आक्षेप खरा आहे. बोलीवरचे प्रेम ज्याला पगारासाठी झगडावे लागत नाही त्यालाच परवडते, असे कोणी म्हटले तर ते सहज खोडता येणार नाही.

२१/
परंतु शिडी चढायला आधी पाय जमिनीवर टेकलेले असावे लागतात. प्रमाण मराठी शिकवणे आणि घरच्या मराठीला चूक ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तुझ्या घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात, दोन्ही मराठीच’ एवढे वाक्य शिक्षकाने उच्चारले, तर मुलाला दोन रूपे मिळतात. ‘पानी चूक’ म्हटले, तर एक रूप मिळते आणि आई-आजीविषयीची लाज सोबत येते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस करते. मराठी मुलखात ‘घरची भाषा’ म्हणजे केवळ ‘मराठी’ असा शिक्का मारून हा प्रश्न मिटत नाही. कोणाच्या घरची मराठी, हे विचारावे लागते.

२२/
अभ्यासाची परंपरा नाही असे नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकापासून कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासारगोडची मराठी अशा बोलींचे काटेकोर वर्णन केले. अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या प्रकल्पाने राज्यभरातील बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी खुले केले. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे गोविंद गारे यांनी सह्याद्रीतील महादेव कोळी समाजावर मोलाचे लेखन केले. तेव्हा पाया तयार आहे. उणीव आहे ती खोऱ्याखोऱ्यातल्या तपशिलाची आणि तो गोळा करणाऱ्या स्थानिक हातांची.

२३/
येथे तरुण इतिहासप्रेमींचे काम सुरू होते. दर पावसाळ्यात शेकडो जण नाणेघाट, जीवधन, शिवनेरी, भीमाशंकरकडे येतात. लेण्यांची छायाचित्रे निघतात, शिलालेखापुढे उभे राहून चित्रफिती होतात. त्याच वाटेवर चहा देणाऱ्या आजीच्या तोंडी असलेला शब्दही ऐतिहासिक साधनच आहे. मात्र त्यालाही साधनाची शिस्त हवी. परवानगी घ्यावी. शब्द सुटा न नोंदवता पूर्ण वाक्यात नोंदवावा. गाव, वाडी, बोलणाऱ्याचे अंदाजे वय आणि व्यवसाय लिहावा. उच्चार ‘दुरुस्त’ करू नये. आवणी, राब, हिरडा, घरबांधणी, नाती, शेतांची नावे या विषयांवर बोलणे काढावे; तिथे शब्द आपोआप येतात. आणि नोंद त्या गावाच्या शाळेला परत द्यावी, कारण ती मुळात त्यांची आहे.

२४/
फाइलबेर्ग यांचा कोश ग्रंथालयात सुरक्षित आहे, पण कोशाला नातवंडे नसतात. बोली जगते ती बोलणाऱ्याला तिची लाज वाटत नाही तोवरच. अभिजात दर्जासोबत निधी येईल, अध्यासने येतील, परिषदा भरतील. नाणेघाटाचे छायाचित्र त्यांच्या फलकांवर असेलच. त्या दर्जाची खरी परीक्षा त्या फलकांपाशी होणार नाही. घाटघरच्या एखाद्या वर्गात मुलगी उठून ‘मपलं गाव’ असे सुरू करील आणि तिचे वाक्य कोणी मध्येच तोडणार नाही, तेव्हा मराठी त्या कसोटीला उतरली असे म्हणता येईल.

#मराठीबोली #जुन्नर #आंबेगाव #नाणेघाट #इतिहासधागा